पत्र्याखालचा डबा

माझ्या धाकट्या जावेने, वैशालीने, सिंधीपुऱ्यातून मांडे आणले होते, बिनपुरणाचे, रुमालासारखे मोठे आणि पातळ. लग्न होऊन सासरी आल्यापासून तिने एकटीने केलेला हा पहिलाच पदार्थ. मॉलमध्ये मिळतात तसे रोल, आणि आत तिच्या भावाने दुबईहून आणलेलं डबाबंद चिकन.

आमच्या सासूबाईंनी ताट जवळ ओढलं नाही. मटण त्या स्वतः दुकानात उभ्या राहून, डोळ्यांसमोर कापलेलंच आणतात.

"कोंबडीच आहे कशावरून? डब्यावर तर नुसतं चित्र काढेल आहे."

"आई, वैशालीला बी तर तू फोटोवरूनच पसंत केलं ना," माझा दीर निलेश म्हणाला.

वैशाली हसली, पण तिचं लक्ष माझ्याकडे होतं. मी रोल हातात धरून बसले होते.

"ताई, तुम्ही तरी सुरू करा ना. डबा खोलला तर कोल्डड्रिंकसारखा फुस्स झाला, मी तर डरूनच गेले!"

मी रोल खाली ठेवला. "दुसरा डबा कुठे आहे?"

"वरच आहे."

वर म्हणजे गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. देवघर स्वयंपाकघरातच, म्हणून मांसाचा डबा, बंद असला तरी, खाली ठेवायचा नाही असं आईंनी सांगितलं होतं. सगळा उन्हाळा डबे तापलेल्या पत्र्याखाली होते.

निलेशने रोल तोंडाशी नेला होता. "भाऊ, थांबा," मी म्हणाले.

"तुम्हाला नसेल खायचं तर नका खाऊ, ताई," वैशाली म्हणाली. "यांना कशाला रोकता?"

"आधी तो डबा आण."

"आता माझे पेपर तपासणार का, तुम्ही शिकवता त्या कॉलेजातल्या पोरांसारखे?"

तरी तिने आणला, आणि माझ्यासमोर आपटला. झाकण मधोमध फुगलेलं होतं. मी तिला त्यावर बोट दाबायला लावलं. झाकण टक् करून आत गेलं आणि बोट काढताच पुन्हा वर आलं.

"आत वायू झालाय. हे सडलंय."

"मी गरम केलंय की."

"त्याने खात्री होत नाही. तू चव घेतलीस?"

"वाढायच्या आधी उष्टं करायचं नाही म्हणतात ना आई."

"तरी मी म्हणतच होते..." आईंनी सुरुवात केली.

"आई, वर ठेवायला तुम्हीच लावलं होतं," मी म्हणाले.

निलेशने रोल ताटात ठेवला. मी सगळे रोल आणि तो डबा पिशवीत बांधले, हात साबणाने धुतले. वैशाली एकटक बघत होती. मी खरं बोलत होते की तिच्या पदार्थाला मुद्दाम नावं ठेवत होते, हे तिला ठरवता येत नव्हतं.

उरलेल्या मांड्यांसाठी मी बटाटे उकडले. सोलायला ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"फुस्स झालं ते तर तुम्हाला मी नंतर सांगितलं. त्याच्या आधी का खात नव्हत्या?"

"मलाही आईंसारखाच संशय आला होता," मी म्हणाले. "डब्यातलं मांस मला नको वाटत होतं."

तिने गरम बटाटा या हातातून त्या हातात घेतला.

"हे आधी सांगितलं असतं, तर बाकीचं लगेच पटलं असतं."