एक वजा

मी एक जुनी तीनधारी मोजपट्टी आहे. मित्रांनो, माझ्याकडे सांगण्यासारखे फारसे काही नाही, आणि जे आहे ते सांगताना मान खाली जाते. तरी सांगते.

इमारतीच्या नकाशावर मला ठेवले की कागदावरची बोटभर भिंत प्रत्यक्षात किती मीटर, ते मी दाखवायचे. एका छोट्या बांधकाम कंपनीत मी तीस वर्षे राबले. टेंडर भरताना विटा-सिमेंटचा अंदाज माझ्याच मापांवर बांधला जाई. मला वापरणाऱ्या वयस्कर गृहस्थांना सगळे काका म्हणत. ‘हिची जीभ कधी घसरत नाही,’ असे ते चारचौघांत म्हणत आणि मी फुलून जात असे.

एका दुपारी खिडकी उघडी राहावी म्हणून काकांनी मला फटीत अडकवले. वाऱ्याने खिडकी आपटली आणि माझे शून्यापासून एकपर्यंतचे टोक तुटून रस्त्यावर पडले. नवी पट्टी आणायचे ठरले. पण ‘हे टेंडर जाऊ दे, मग बघू,’ असे साहेब सहा वर्षे म्हणत राहिले. तोवर काका एकच्या रेघेपासून मोजत, आकडा मोठ्याने वाचत, ‘एक वजा’ म्हणत आणि मगच लिहीत.

पुढे रुग्णालयाचे टेंडर आले. ते हुकले तर ऑफिसला कुलूप, असे साहेबांनी स्पष्ट सांगितले होते. सुधारित नकाशे आले ते शेवटच्या दिवशी सकाळी, आणि टेंडरची पेटी तीनला बंद होणार होती. आतल्या भिंतींवर मापे लिहिलेली नव्हती. काकांनी मोजायचे आणि तिथेच टायपिंग करणाऱ्या त्यांच्या पुतणीने उतरवून घ्यायचे, असे ठरले.

पोरीचा गोंधळ नको म्हणून काका मनातच एक वजा करून आकडा सांगू लागले. ‘एक वजा’ ऐकू आले नाही, तेव्हा काका घाईत विसरले असे समजून तिने प्रत्येक आकडा खोडून एक कमी केला. मला दोघेही दिसत होते. नेहमी काका खात्रीसाठी शेवटी पाच भिंती पुन्हा मोजत. त्या दिवशी साहेब दारात गाडीची किल्ली वाजवत उभे होते.

टेंडर मिळाले. आपला दर इतरांपेक्षा इतका कमी कसा, हे मात्र काकांना खुपत राहिले. त्यांनी मला पुन्हा नकाशावर ठेवले आणि लिहिलेले आकडे ताडून पाहू लागले. तिसऱ्याच भिंतीला त्यांचा हात थांबला.

“पोरी, तू वजा केलंस?”

“हो काका. तुम्ही विसरला होतात ना?”

काका उठले आणि साहेबांना म्हणाले, दोनदा मीच वजा केले. त्या दरात काम करणे शक्य नव्हते. ते सोडावे लागले, भरलेली अनामतही गेली. महिन्याभरात ऑफिस बंद झाले.

शेवटच्या दिवशी पुतणी साहेबांपुढे उभी राहिली. “चूक काकांची नव्हती. माझी होती.”

“माहीत आहे. खाडाखोड तुझ्या अक्षरात आहे.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

साहेबांनी मला उचलले, तुटक्या टोकावरून अंगठा फिरवला. “पट्टी कोणी आणायची होती?” एवढेच म्हणाले आणि मला तिच्या हातात दिले.

मित्रांनो, मोडलेली वस्तू दुरुस्त करा, नाहीतर तिला निरोप द्या. पण तिच्या मोडकेपणाची सवय लावून घेऊ नका. हल्ली मी पुतणीच्या टेबलावर नव्या पट्टीशेजारी असते. नव्या पट्टीने मोजतानाही ती कधी कधी ‘एक वजा’ पुटपुटते, थांबते आणि माझ्याकडे पाहते. मला तीन बाजू आहेत, पण तोंड लपवायला एकही नाही.