अनुक्रमणिकेत दादा नाही

मी विनोदी नटांवर लिहिते. चाळीस वर्षांत कुणाची भीडभाड ठेवली नाही. ज्यानं हसवलं त्याला डोक्यावर घेतलं, बाकीच्यांची सालटी काढली. लोक म्हणतात, बाई फटकळ आहे. आहेच मुळी!

हे वेड लावलं दादानं. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची. जेवणाला हात लावायचे नाही. दादा शिवणकाम करायचा. दुकानातून आला की गिऱ्हाइकांच्या नकला सुरू. माप देताना पोट आत ओढून धरणारे हेडमास्तर तर असे करायचा, की हसता हसता घास कधी गिळला ते कळायचं नाही.

पुढे हा पठ्ठ्या स्टेजवर गेला आणि सगळं मुसळ केरात. घरी लोटपोट करणारा माणूस, पण समोर लोक दिसले की त्याला घाम फुटायचा. विनोद सांगून झाला की तोच विनोद समजावून सांगत बसायचा! दहा वर्षं हात-पाय मारले, मग मुकाट्यानं मशीनवर बसला.

मी विनोदी नटांवरचं पुस्तक लिहायला घेतलं तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, “माझा नंबर कधी?” मी म्हणायचे, “बघू.”

परवा पहिली प्रत त्याच्याच हातात दिली. त्यानं हात धुतले, चष्मा पुसला. अनुक्रमणिकेतल्या बावन्न नावांवरून बोट फिरवलं. मग पुन्हा पहिल्यापासून.

“छापताना राहिलं का गं?”

बिचाऱ्यानं मलाच पळवाट दिली होती. हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण माझी मेली जीभ!

“नाही. मीच घेतलं नाही. स्टेजवर तू कधी कुणाला हसवलं नाहीस, दादा.”

“हं. बरोबर आहे तुझं.” गळ्यातली टेप काढून तो ती गुंडाळत बसला. मग म्हणाला, “पण तू हसायचीस.”

“मी घरातलीच की रे.”

“एकच माणूस हसलं तर ते धरत नाहीत का?”

टोमणा असता तर मी परतवला असता. तो खरोखरच विचारत होता. विनोदातलं मला सगळं कळतं, असं तो सगळ्यांना सांगत आलाय. मला माझीच लाज वाटली. दादा माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिला.