पाकोळ्यांच्या घरट्याखालची छत्री

मित्रांनो, मी एक जुने स्टेशन आहे. तोक्योच्या पश्चिमेला, डोंगर सुरू होण्याआधी जी वस्ती लागते, तिथे मी उभे आहे. माझे नाव हिनोसावा. जलद गाड्या माझ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

मला बांधले तेव्हा भोवती तुतीचे मळे होते. मग मळे गेले, घरे आली आणि सकाळी कचेरीला निघालेल्या काळ्या कोटांची रांग लागू लागली. माझ्या लाकडी छपराचे वर्तमानपत्रात कौतुकही छापून आले होते! पुढे तिकिटे तपासायला यंत्रे बसली, नोकरीवरची माणसे कमी होत गेली. शेवटी एकटे स्टेशनमास्तर त्सुकुदासान उरले; 'सान' म्हणजे तुमच्याकडचे 'राव'.

दर वसंतात पाकोळ्या माझ्या दारावर घरटे बांधतात. आमच्याकडे ते शुभ मानतात, पण शुभ असले तरी घाण डोक्यावरच पडते ना! तक्रार झाली. वरून हुकूम आला, की पुन्हा तक्रार आली तर घरटे काढून टाका. पिल्ले तर नुकतीच अंड्यांतून बाहेर आली होती. त्सुकुदासाननी घाईघाईने प्रवाशांच्या विसरलेल्या छत्र्यांतली एक उघडली आणि घरट्याखाली उलटी टांगली. विसरलेली वस्तू मालकासाठी जपून ठेवायची असते, हे त्या गडबडीत त्यांच्या ध्यानातच राहिले नाही.

दुसऱ्याच दिवशी ओरिहारा आजी आल्या.

"काल गाडीत छत्री राहिली हो माझी. काळी, बांबूच्या मुठीची. आमच्या ह्यांची होती. हे गेले, आता तेवढीच राहिलीय."

त्सुकुदासान माफी मागायला कमरेत वाकले ते वर येईनात. आजींनी मान उंच करून पाहिले.

"अगं बाई! आमच्या ह्यांच्या छत्रीचा संडास केलात?"

"चुकलो, आजी. आत्ता काढतो."

ते शिडी घेऊन आले. छत्रीला हात लागताच पिल्लांनी आकांत मांडला.

"थांबा," आजी म्हणाल्या. "संध्याकाळी पाऊस आला की मी हीच छत्री घेऊन इथं ह्यांची वाट बघत उभी राहायचे. ह्यांनी काही पिल्लांना उघड्यावर टाकलं नसतं. उडेपर्यंत राहू द्या. पण मग स्वच्छ धुऊन द्यायची, सांगून ठेवते!"

पिल्ले उडाली, छत्री धुऊन परत गेली. हिवाळ्यात त्सुकुदासान निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणीच आले नाही.

पाकोळ्या मात्र आल्या. हुकूम तसाच होता आणि खाली छत्री बांधायला कुणी नव्हते. मला हात नाहीत, याचे इतके वाईट कधी वाटले नव्हते.

एका सकाळी आजी छत्री घेऊन स्वतःच आल्या. त्यांनी टाचा उंचावल्या, पण हात पोचेना. लोक भराभर पुढे जात होते. आमच्याकडचा माणूस एक वेळ जेवण चुकवील, गाडी नाही. इतक्यात काळ्या कोटातला एक उंच गृहस्थ धावता धावता थांबला.

"द्या इकडे, आजी."

"अहो, तुमची गाडी!"

"जाऊ दे."

त्याने दोरी घट्ट बांधली. गाडी त्याच्या डोळ्यांदेखत निघून गेली. मग त्याने आभाळाकडे पाहिले.

"आज पाऊस आला तर तुम्ही काय करणार?"

"भिजेन," आजी म्हणाल्या. "मी काय पिल्लू आहे?"

मित्रांनो, जिथे सांभाळायला कुणी नेमलेले नसते, तिथे जाणाऱ्या-येणाऱ्यानेच थोडे थांबायचे असते.