एक लाल ऱ्हायला

डिस्क शेवटी शंभर टक्के जुळली. एकही तुकडा इकडेतिकडे उरला नाही आणि पडद्यावर तशी पाटीही लागली. पण हे घडलंच नाही असं धरून चालू. महिपत शिरधनकरही तसंच धरून बसले होते, आणि त्यांच्याच घरात बसून त्यांना खोटं पाडणं बरं दिसत नाही.

तर सकाळी त्यांच्या कानाला फोन होता आणि फोनमध्ये बोरिवलीचा मुलगा, रितेश.

"बाबा, डीफ्रॅग कोण करतं आता? हमझा चार वाजता नवीन डिस्क बसवून जाईल. तिला असलं काही लागतच नाही."

"लागत नाय म्हंजे? ती विस्कटत नाय?"

"विस्कटते. पण फरक पडत नाही."

"मग विस्कटलेलं तसंच ठेवायचं?"

"हो."

"बरं," महिपत म्हणाले. हे उत्तर त्यांना अजिबात बरं वाटलेलं नव्हतं.

मिरजोळ्याच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं होतं. एका मापाचे बोल्ट दोन मांडण्यांत सापडले, तर त्या दिवशी त्यांना डबा जात नसे. त्यामुळे घरात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांना त्यातलं पहिलं आवडलं ते डीफ्रॅग. एकाच फाइलचे तुकडे डिस्कभर पडलेले असतात, ते गोळा करून एका जागी लावायचे. पडद्यावर बारीक चौकोन दिसत. लाल म्हणजे विखुरलेले, निळे म्हणजे जागेवर बसलेले. रविवारी जेवणं झाली की ते हे काम सुरू करत आणि त्यांची बायको, गंगा, शेजारी खुर्ची ओढून बसे. या मशीनचं एवढं एकच काम तिला पटलेलं होतं.

"म्हंजे गणपतीला चाकरमानी येतात तसां," ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. मग तिने चौकोनांना नावंच दिली. वरच्या कोपऱ्यातला रितेश, त्याला रजा मिळत नाही. मधला चौकोन म्हणजे लेक दर्शना, दापोलीला एसटीची वाट बघत उभी. शेवटी मशीनने 'पूर्ण' म्हटलं, की गंगा हमखास हरकत घ्यायची, "अवो थांबा. एक लाल ऱ्हायला. खालच्या ओळीत बगा." आणि तो असायचाच. महिपत मुकाट्याने पुन्हा सुरू करायचे. अर्धा रविवार त्यात जायचा आणि दोघांचंही काही अडायचं नाही.

गंगा जाऊन दीड वर्ष झालं. आताच्या कॉम्प्युटरमध्ये चौकोन नव्हते, नुसता टक्क्यांचा आकडा होता. तेही काम मशीन दर बुधवारी कोणाला न विचारता परस्पर उरकून टाकत असे. चार वाजता डिस्कच बदलणार. त्याआधी एकदा चौकोन बघायचे, एवढंच महिपतना हवं होतं.

खरेदीचा नियम म्हणजे तीन कोटेशनं. त्यांनी तीन सॉफ्टवेअर उतरवून घेतली आणि तुलनात्मक तक्ता आखला. दराच्या रकान्यात तिन्हींसमोर 'फुकट' आलं. पहिल्यात पुन्हा आकडाच. दुसऱ्यात चौकोनांऐवजी गोल चकती. शेरा : 'चाकरमानी गरगर फिरतात. नामंजूर.' तिसऱ्यात मात्र चौकोन होते, हुबेहूब. महिपतनी 'शिफारस' लिहून सही केली, तारीख घातली आणि मगच ते उघडलं.

पडदाभर निळं. बुधवार आपलं काम करून गेला होता.

मग एकतीस वर्षं मांडण्या लावलेल्या या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम पसारा केला, आणि तोही क्रमवार. रितेशच्या लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवरून भरले, एकाआड एक पुसले, मधल्या फटींत दर्शनाकडच्या बारशाचं शूटिंग घातलं, पुन्हा पुसलं. साडेतीनपर्यंत नऊ टक्के विस्कटलं. त्यांनी शेजारी खुर्ची ठेवली, उशी सारखी केली आणि बटण दाबलं.

हमझा पंधरा मिनिटं आधीच आला. मांडवीला त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं.

"काका, ही डिस्क कुरकुरते बघा. आता कशाला पळवताय हिला?"

"जरा थांब. होतंय."

हमझा खुर्चीकडे वळला.

"तिच्यावर नको. तिचा पाय हलतो."

हमझाने खुर्ची सहज हलवून पाहिली. पाय चांगला घट्ट होता. त्याने हात काढून घेतला आणि तो उभाच राहिला.

"हा वरचा लाल अडकलाय का काका?"

"रजा नाय त्याला."

"कोणाला?"

लाल चौकोन एकेक करून उठले, गेले, निळे झाले. रितेश आला. दर्शना आली. आणि 'पूर्ण' अशी पाटी लागली.

महिपतनी खालची ओळ चष्मा लावून पाहिली, मग चष्मा काढून पाहिली.

"हमझा, तुझी नजर चांगली हाय. एक लाल ऱ्हायला असंल बघ."

हमझा वाकला. बोट लावून ओळ नीट बघत गेला.

"एक पण नाय काका. भारी सॉफ्टवेअर आहे."

"खालच्या ओळीत."

"तिथंच बघितलं."

हमझाने डिस्क काढली, नवी बसवली. जुनी महिपतनी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली. कॉम्प्युटर आता आठ सेकंदांत सुरू होऊ लागला. हमझा गेल्यावर महिपतनी फूलस्केप घेतला, खाली कार्बन घातला आणि जावक क्रमांक एक टाकला.

"प्रति, मा. व्यवस्थापक, सॉफ्टवेअर कंपनी. विषय : काम पूर्ण झाल्याचा संदेश रद्द करणेबाबत. महोदय, आपल्या सॉफ्टवेअरने आज रोजी 'पूर्ण' असा संदेश परस्पर दाखविला आहे. या घरातील प्रचलित पद्धतीनुसार सदर संदेश सौ. गंगा महिपत शिरधनकर यांच्या संमतीशिवाय अंतिम धरला जात नाही. तरी त्यांनी खालच्या ओळीची समक्ष पाहणी करेपर्यंत काम चालू ठेवण्यात यावे, ही विनंती. पाहणीसाठी खुर्ची जागेवर ठेवण्यात आली आहे."