न पिकणारी संत्री आणि हसरी भुतं

मी तानबाजींच्या खाटेवर, उशीच्या कडेला पडलेला मोबाईल बोलतोय. गाव तळेगाव. माझ्या काचेला एका कोपऱ्यात तडा आहे आणि डोक्यात एक गोंधळ. तड्याचं मला काही नाही, पण गोंधळ सुटत नाही.

आधी मी आचलचा होतो. ती तानबाजींची नात. नालवाडीत खोली करून वर्ध्याला शिकते. तिनं नवा मोबाईल घेतला आणि मी खणात पडून राहिलो.

दिवाळीनंतर तानबाजींना लकवा झाला. उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा, नाहीतर आखडतील. म्हणून सुट्टीत घरी आलेल्या आचलनं माझी धूळ पुसली, माझ्यात दोन खेळ टाकले आणि आजोबांच्या हाती दिलं.

एक खेळ संत्र्याच्या बागेचा. ऊन, पाखरं, टपोरी फळं. दुसरा मसणातला. अंधार, कवट्या, दात काढून हसणारी भुतं. पण मी आतून बघतो ना, दोन्हींचं गणित एकच. सारख्या तीन गोष्टी ओळीत आणा, की त्या नाहीशा होतात. मग माणसाचं बोट एकात अडतं आणि दुसऱ्यात चालतं, असं का?

तानबाजींची हयात संत्र्याच्या तोडीत गेलेली. बाग उघडली की ते नुसते बघत बसायचे.

"आबाजी, सरकवा ना. तीन हिरवे लायनीत येऊन राह्यले."

"हिरवे हायेत अजून. पिकू दे."

"ते नाई पिकत आबाजी, गेम हाय तो!"

"अन् देठ कुठी हाय? बिनदेठाचं संत्रं सडते, पोरी."

आचल हसायची. तानबाजी मात्र वाट बघायचे.

भुतांचं तसं नव्हतं. ती काही कोणी पाणी देऊन वाढवलेली नव्हती. तानबाजी त्यांना उजव्या अंगठ्यानं ढकलायचे. "चाल, नीघ!" आधी अंगठा नुसता थरथरायचा. मग जरा सरकू लागला. हे फक्त मला कळत होतं.

त्यांच्या बायकोला, कौशल्याबाईंना, ते खपलं नाही. "दिवाबत्तीच्या वेळी मसण काऊन उघडून बसता? दुखणाईत माणूस, अन् मांडीवर भुतं! आचल, काढ ते. बगीचा राहू दे."

माझ्यातही जागा उरली नव्हती, मी सारखा अडखळायचो. आचल म्हणाली, "एक तर काढाच लागते. भुतंच काढतो."

तिनं भुतांवर बोट दाबून धरलं. 'काढायचं का?' मी विचारलं. मला तेवढंच विचारता येतं. भुतं गेली तर अंगठाही थांबेल, हे सांगता येत नाही. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा जास्तच अडखळलो. मुद्दाम अडखळलो का? मलाही नक्की सांगता येणार नाही.

तेवढ्यात बाजूनं एक अंगठा आला. वाकडा, कापरा. 'नको'वर टेकला आणि दाबला गेला.

कौशल्याबाई बघतच राहिल्या. "अवं... उजवा हात हाय हा!"

"मंग?" तानबाजी म्हणाले. "भुतं राहू दे. थे मायं ऐकतात."

"अन् बगीचा?"

"थोही राहू दे."

डोळे पुसून आचलनं माझ्यातली आपली जुनी गाणी काढून जागा केली.

आता दुपारी भुतं आणि संध्याकाळी बाग. बागेत ते अजून एकही फळ तोडत नाहीत. हा खेळ वायाच आहे, असं मी धरून चाललो होतो. पण माझी सवय अशी, की हात लागला नाही तर माझा उजेड मंदावतो. बाग अंधारू लागली की अंगठा येतो, हळूच टेकतो. पुन्हा अंधारते, पुन्हा येतो. कौशल्याबाई शेजारी बसून असतात.

"पिकले का?"

"नाई अजून."

दोन्हींत बरा खेळ कोणता, ते मला विचारू नका, माझा गोंधळ वाढतो. एकच विनंती आहे. माझा उजेड कायम चालू ठेवता येतो, याची आचलला कोणी आठवण करून देऊ नका. तो तानबाजींनाच लावू द्या.