चिंचेनं घासलेला बुश

नीलाच्या थोरल्याचं बारसं झालं ते साल सत्त्याऐंशी. त्यासाठी कृष्णाबाई साताऱ्याहून चंडीगढला लेकीकडे आल्या आणि कर्फ्यू लागला म्हणून राहूनच गेल्या.

जावई शशिकांत एका सरकारी प्रयोगशाळेत होता. त्या संध्याकाळी रात्रीपुरता कर्फ्यू पुकारल्यावर तो घाईनं घरी आला, सवयीनं जेवणाचा डबा स्वयंपाकघरातल्या मोरीत ठेवला आणि तडक अंघोळीला गेला. कृष्णाबाईंनी घासायला डबा उघडला तर आत रुमालात गुंडाळलेलं पितळेचं कडं, काळंकुट्ट! काळं पितळ कृष्णाबाईंच्या हातून आजवर सुटलं नव्हतं. चिंच आणि शेजारच्या तंदूरची राख घेऊन त्यांनी ते असं घासलं की सोन्यासारखं लखलखायला लागलं.

शशिकांत बाहेर आला आणि त्यानं ते कडं उचलून दिव्याखाली धरलं.

"आई, काय केलंत हे! हा बुश आहे. धक्का लागू नये म्हणून डब्यात घालून आणला होता. यंत्राचा दांडा याच्यात फिरतो. बर्फात तेल गोठतं, म्हणून तेलाऐवजी काळ्या पुडीचा थर दिला होता. केसाहून पातळ!"

"मग इतका पातळ द्यावाच कशाला, की म्हातारीच्या हातानं निघावा?"

नीलाला हसू आवरेना. "यंत्रावरही तासाभरात निघतोच म्हणे."

"तू गप्प बस. उद्या शेवटची चाचणी. उद्याही थर निघाला तर काम बंद करणार आहेत."

कृष्णाबाईंनी हात पुसले. "पूड आहे का घरात?"

पूड शशिकांतच्या पिशवीत होती.

"द्या इकडं, जावईबापू. मीच उजळला, मीच काळा करते." आणि पदर खोचून त्या फडक्यानं पूड चोळत बसल्या.

दुसऱ्या दिवशी शशिकांत घरी आला तो जिलब्यांचा पुडा घेऊनच.

"आई, दिवसभर दांडा फिरला, थर जागचा हलला नाही! आम्ही बुश आरशासारखा गुळगुळीत करत होतो. पुडीला धरायला जागाच नव्हती. तुमच्या राखेनं बारीक ओरखडे पडले, त्यांत ती घट्ट बसली."

"अहो, टाचे मारून भिंत खरबरीत केल्याशिवाय तिच्यावर गिलावा बसतो का कधी?"

"मग हे काल का नाही सांगितलंत?"

"काल मी भिंत कुठं घासत होते? भांडं घासत होते!"

तिघंही हसत सुटली.

"आमचे सरदारजी साहेब म्हणतात, बाकीचे बुशही माँजींकडूनच घासून आणा."

कृष्णाबाईंनी ते सगळे घासले. शेजारीण परातभर राख घेऊन मदतीला आली. पुढं ते काम मंजूर झालं.

कृष्णाबाई एक्क्याण्णव साली, पौषात, साताऱ्याला वारल्या.