बोरटाकच्या काठावरचा लाल बावटा

मी बोरटाकच्या काठावरचा लाल बावटा बोलतोय. बावट्याला एकच शब्द येतो, थांबा. पण आज मला एका माणसाबद्दल बोलायचंय. गाव त्याला अहो-जाहो करतं. मी करणार नाही.

माझा जन्म शहरात, गुलमंडीच्या बाजारातल्या एका कापडाच्या दुकानातला. राजाबाईनं मला ताग्यातून फाडून घेतलं आणि गंगापूरच्या एसटीत मांडीवर ठेवून गावाकडे आणलं. तिचा नवरा मल्हारी मेंढरं राखायचा. धरण झालं, नाथसागर भरला, जुनं बोरटाक आणि चराईची रानं पाण्याखाली गेली. मेंढरं कमी झाली, तेव्हा ग्रामपंचायतीनं मल्हारीला बावट्याचं काम दिलं. राजाबाईनं घरीच मला शिवलं. शिवता शिवता लाल दोरा संपला, म्हणून माझी एक कड तिनं हिरव्या दोऱ्यानं टिपली.

वैशाखात आमच्याकडचं पाणी फसवं असतं. सकाळी ताटासारखं सपाट. दुपार टळली की गोदावरीच्या वरच्या अंगाला ढग चढतात आणि वारा असा सुटतो, की पलीकडच्या नगर जिल्ह्याच्या काठाला निघालेली बोट आपलं तोंडसुद्धा सरळ ठेवू शकत नाही. म्हणून रविवारी सकाळी मल्हारी पंचायतीच्या ओट्यावर जाऊन रेडिओवर येत्या आठवड्याचं हवामान ऐकायचा. कोणत्या दिवशी कोरडं, कोणत्या दिवशी वादळी, ते मनात धरून यायचा. वादळाचं सांगितलेल्या दिवशी तो मला खांबावर चढवायचा. मी वर असलो की दुपारी बोट सुटायची नाही, असा गावाचा ठराव होता.

बोटीचा ठेका काकासाहेबाकडे होता. आणि बोट चालवायचा मुंजाबा, राजाबाईचा पाठचा भाऊ. बोलका, पान खाऊन तोंड लाल केलेला. मला बघून म्हणायचा, "दाजी, आपल्या दोघांची तोंडं लाल." मल्हारी नुसता हसायचा.

त्या वैशाखात रेडिओनं बुधवारपासून वादळी वारे सांगितले. बुधवारी मल्हारीनं मला चढवलं आणि तो मेंढरांना पाणी पाजायला गेला. काठावर एक वऱ्हाड येऊन थांबलं होतं. पलीकडे लग्नघटिका जवळ येत होती आणि वऱ्हाडातले वडीलधारे काकासाहेबाच्या मागे लागले होते. त्यानं त्यांना बाभळीच्या सावलीत बसवलं. मग एकटा खांबापाशी आला, गाठ सोडली, मला खाली ओढलं आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात कोंबलं.

मुंजाबा बोटीतलं पाणी उपसून आला तेव्हा मी खिशातच होतो.

"काकासाहेब, बावटा व्हता ना वर?"

"कुठं हाय? बघ की."

मुंजाबानं वर पाहिलं असणार.

"सकाळी तर बघितल्यावानी वाटतंय."

"वारा कुठाय? पोरगी तिकडं हळद लावून बसली. घे बसवून."

काकासाहेब काठावरच राहिला. थोड्या वेळानं वारा आला. मला काही दिसत नव्हतं. मला फक्त सदऱ्याआडून त्याची छाती ऐकू येत होती, आणि लांबून माणसांच्या हाका. बोट कलंडली. बाकीचे कसेबसे वाचले. तिघं बुडाली. वऱ्हाडातल्या दोन बाया, आणि त्यांना धरायला पाण्यात उतरलेला मुंजाबा.

जे वाचले त्यांनी खरं तेच सांगितलं, बोटीत बसताना खांबावर बावटा नव्हता; त्याआधी वर कुणी पाहिलंच नव्हतं. मल्हारी शपथा घेत राहिला. काकासाहेब चारचौघांत म्हणाला, "जाऊ द्या, गरीब माणूस हाय, डुलकी लागली असंल." या एका दयेनं त्यानं मल्हारीला संपवलं. काम गेलं. आणि राजाबाईनं नवऱ्याशी बोलणं सोडलं. ती भाकरी वाढायची, ताट सरकवायची, पण तोंडातून शब्द नाही. तिच्या भावाला तिच्याच नवऱ्याच्या झोपेनं मारलं, असं ती धरून चालली होती.

मी कुठं होतो? काकासाहेबाच्या जीपमध्ये, सीटखाली. ड्रायव्हर बन्सी माझ्यानं इंजिनाचं तेल पुसायचा. काळं, चिकट, गरम तेल. मी माणसांना वाचवायला शिवलेलं कापड, आणि मला त्या माणसाची गाडी पुसायला लावली. रोज मला वाटायचं, पेट घ्यावा. याच्यासकट, या जीपसकट जळून जावं.

पुढच्या वैशाखात राजाबाई काकासाहेबाच्या खळ्यावर कांदा निवडायला आली. बन्सी तिथंच जीपचं काम करत होता. ती पाणी प्यायला उठली आणि थबकली. माझी हिरवी कड तिनं ओळखली.

"बन्सी, हे फडकं कुठलं?"

"हे व्हय? काकासाहेबांनी खिशातून काढून टाकलं व्हतं. वऱ्हाड बुडालं ना, त्या दिवशी."

बन्सीला आपण काय बोलतोय ते कळलं नाही. राजाबाईनं मला उचललं आणि कमरेला खोचलं. परत जाऊन ती कांदे निवडत बसली. डोळ्यांत पाणी नव्हतं. मला फार बरं वाटलं.

रविवारी ती ओट्यावर जाऊन बसली. बाई तिथं कशाला, म्हणून लोक बघू लागले. रेडिओनं सांगितलं, सुरुवातीला कोरडं, गुरुवारी दुपारी वादळी वारे. आणि गुरुवारी काकासाहेबाच्या मुलाचं लग्न होतं, पलीकडच्या काठाला. आता बावट्यावर त्याचाच माणूस होता, आणि नवा बावटा त्याला विचारून चढायचा.

घरी येऊन ती मला हातात धरून म्हणाली, "जाऊ दे त्यांना. बसू दे बोटीत."

मीही मनात तेच म्हणत होतो. ज्याचा जन्मच थांबा म्हणण्यासाठी, तो मी, आणि मला म्हणावंसं वाटत होतं, जा. सगळे जा.

गुरुवारी वऱ्हाड सकाळी निघायचं, ते नटण्यामुरडण्यात दुपार झाली. राजाबाई काठावर आली ती बघायलाच. बोट भरली होती. काकासाहेबाची बायको साळूबाई मांडीवर नातू घेऊन बसली होती. नातवानं राजाबाईकडे पाहून हात हलवला. ती सरळ खांबापाशी गेली आणि सगळ्यांदेखत मला बांधलं. काळा, तेलकट, फाटका मी वर चढलो.

"हे काय लावलंस?" काकासाहेब ओरडला.

"तुमचंच हाय. तुमच्या जीपमधलं."

काकासाहेबानं माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"दिवस चांगला हाय. उगं घाबरवू नको लोकांना."

"दिवस चांगला हाय तर तुमी बी बसा."

"मी जीपनं वळसा घालून येतो. सामान हाय."

"सामान बन्सी आणंल. तुमी बसा. माझा भाऊ बसला व्हता की तुमच्या शब्दावर."

तो हलला नाही. बोटीतून साळूबाईनं विचारलं, अगदी हळू, "अहो, तुमी का बसत नाय?"

त्यानं जीपकडे पाहिलं. साळूबाई नातवाला घेऊन उतरली. तिच्यामागे एकेक जण उतरला. बोट रिकामी झाली आणि तो तसाच उभा राहिला.

गंमत अशी, की त्या दिवशी वारा आलाच नाही. ढग पैठणच्या अंगानं निघून गेले आणि पाणी संध्याकाळपर्यंत सपाट राहिलं. रेडिओचा अंदाज चुकला. आधी मला चुटपुट लागली. मग कळलं, वादळ आलं असतं तर तो म्हणाला असता, बघा, म्हणून मी बसलो नाही. आता त्याला तेवढीही सोय उरली नाही.

राजाबाई घरी गेली. मल्हारी दारात दावं वळत बसला होता.

"तुमी झोपला नव्हता," ती म्हणाली. वर्षभरातलं तिचं पहिलं वाक्य.

"नाय," मल्हारी म्हणाला, आणि दावं बाजूला ठेवून रडला.

काकासाहेबाचा ठेका गेला. पुढे पूल झाला, बोटच बंद पडली. आता मी राजाबाईच्या घरात खुंटीवर असतो. माझा रंग उडालाय, विटकरीसुद्धा म्हणता येणार नाही.

परवा काकासाहेब आला. काठी टेकत, एकटा. उंबऱ्याच्या बाहेरच थांबून म्हणाला, "राजाबाई, तेवढं कापड दे. पाण्यात सोडून देतो. डोळे मिटायच्या आत सुटू दे मला."

राजाबाईनं सुपातले दाणे पाखडणं थांबवलं नाही.

"पाण्यात तिघं हायेत. आधी त्यांना इचारा."

तो काठी टेकत परत गेला.

ऐकणाऱ्यांनो, तुम्ही मायाळू माणसं आहात. माझी एकच विनवणी आहे. त्याला मरण येवो असं म्हणू नका. त्याच्यासाठी देवाकडे आयुष्य मागा, लांबलचक, ठणठणीत. दर वैशाखात रविवारी सकाळी रेडिओ लागू दे, आठवड्याचं हवामान सांगू दे, आणि ते ऐकायला तो असू दे.